वळणावरची हजेरी

नंदुरबारहून नजीरचाचांच्या गाडीने डोंगरात जायचं असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी, म्हणजे वाटेत चिडचिड नको. म्हसावद मागे पडलं आणि चढ लागला की हा माणूस प्रत्येक वळणावर हाक मारतो. "मांगे शेतस ना रे?" मागे बसलेल्यांनी "शेतस, चाचा", म्हणजे आहोत, असं म्हणायचं. नुसती मान हलवून भागत नाही, तोंडाने बोलावं लागतं. कुणी झोपलेला असेल, कुणी कानात वायरी घालून गाणी ऐकत असेल आणि ओ आली नाही, तर चाचा गाडी कडेला घेतात, उतरतात, मागे जाऊन दार ओढून बघतात, माणसं मोजतात आणि मगच पुढे निघतात. त्या रस्त्याला वळणं किती, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल की हा किती मोठा ताप आहे. स्टँडवरच्या बाकीच्या ड्रायव्हरांनी त्यांचं नाव हजेरीमास्तर पाडलंय. लोणखेड्याच्या कॉलेजातली पोरंपोरी तर "प्रेझेंट सर" म्हणून ओरडतात आणि हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडतात. चाचांना राग येत नाही. ओ आली, एवढं त्यांना पुरतं.

हसणाऱ्यांना काय बोल लावायचा? त्यांना काळीबाई ठाऊक नाही.

पूर्वी हा माणूस असा नव्हता. हाकाबिका नाहीत, बडबड नाही. बाप पिंजारी, गाद्या-रजया भरणारा. पोराने कापूस पिंजायची धनुकली सोडून स्टेअरिंग धरलं, पण बापाचा नेटकेपणा हातात राहिला. अकरा वर्षं एकच व्हॅन. रोज सकाळी बायकोच्या, म्हणजे नईमाचाचीच्या, जुन्या ओढणीचा तुकडा घ्यायचा आणि तिन्ही आरसे पुसायचे, बाहेरचे दोन आणि आतला एक. मग सीटवर ताठ बसून एकेक आरसा जुळवायचा. बाहेरच्या आरशात आपल्या गाडीची बोटभर कड दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता. आतल्या आरशात मागची काच पुरती दिसली पाहिजे. एवढं झाल्याशिवाय चावी फिरत नसे.

मालाच्या बाबतीतही तसंच. मिरचीचा हंगाम आला की व्यापाऱ्यांची घाई काय विचारता! पोत्यांवर पोती कोंबायची त्यांना सवय. चाचा म्हणायचे, जड पोतं खाली, सीटला टेकवून. सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचायचं नाही. आणि गाडीच्या तळाला माल बांधायला चार कड्या दिल्यात त्या शोभेला नाहीत. एकदा एका शेठने दोन पोती जास्त टाका म्हणून फार गळ घातली. चाचा उतरून बाजूला उभे राहिले. म्हणाले, "शेठ, मन्हा आरसा झाकाई गया. आते गाडी तुम्हीच चलाडा." शेठने मुकाट्याने पोती उतरवली.

असा काटेकोर माणूस. आणि त्याच्याच हातून ते झालं.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. गावाबाहेरच्या मिरचीच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली, वारा आला की येणाऱ्याजाणाऱ्याला ठसका. तिथे देठ खुडायला डोंगरातली माणसं येतात, दोन-तीन महिने पाल ठोकून राहतात. नवलसिंग आणि काळीबाई हे म्हातारा-म्हातारी तसेच आलेले, सोबत मुलगा रायसिंग. नवलसिंगच्या छातीत कफ धरला, दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. रायसिंग बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेला, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. तो स्टँडवर आला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती. म्हणाला, "चाचा, वडिलांना घरी न्यायचंय. दिवस मावळायच्या आत पोचलो पाहिजे. आमच्याकडे सगळे थांबलेत."

चाचांनी विचार केला नाही. मयत न्यायला नाही म्हणायचं नसतं, हे त्यांच्या बापाने शिकवलेलं. अकरा वर्षांत एकोणीस मयतं नेली होती त्यांनी.

पण नवलसिंग उंच. डोंगरातल्या माणसांत इतका उंच माणूस क्वचित. मागचा बाक काढला, मधली सीट दुमडली, फळी टाकली, म्हाताऱ्याला डोकं पुढे करून निजवलं, तरी पाय वीतभर बाहेर. डिक्कीचं दार लागेना. चाचांनी ते जमेल तेवढं खाली ओढलं आणि नायलॉनच्या दोरीने बंपरखालच्या कडीला बांधलं. फळी मात्र तळाच्या चारही कड्यांना नीट आवळून बांधली. घाटात हलायला नको, मयताची विटंबना व्हायला नको, म्हणून दोनदा ओढून पाहिली.

मग पालातलं सामान. पिठाचा डबा, गोधड्या, आणि नवलसिंगची खाट. खाट टपावर उलटी घातली. डावीकडची कॅरिअरची कडी तुटलेली होती. दोरी बांधायला जागा सापडेना. बारा वाजून गेले होते, रायसिंग सारखा उन्हाकडे बघत होता. चाचांनी डावा आरसा आत वळवला आणि त्याच्या दांड्याला दोरीचं टोक गुंडाळलं. एरवी दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर चार शब्द सुनावले असते त्यांनी.

काळीबाईला मुलगा म्हणाला, आई, पुढे बस. ती ऐकेना. तिच्या भाषेत ती जे बोलली ते रायसिंगने चाचांना सांगितलं, "ती म्हणते, त्याचे पाय बाहेर आहेत, रस्त्यात आपटतील. ते कोण धरील?" आणि ती मागेच चढली, डिक्कीच्या तोंडाशी, फळीच्या कडेला उकिडवी, नवऱ्याची पावलं मांडीवर घेऊन. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण पुसत नव्हती. दोन महिने देठ खुडून हातांत मिरची मुरलेली; तो हात डोळ्याला लावायची सोय नव्हती. गालांवरून पाणी तसंच हनुवटीपर्यंत यायचं आणि म्हाताऱ्याच्या पावलांवर पडायचं.

मेलेल्याला चार जागी बांधलं आणि जिवंत बाई तशीच बसवली. हे चाचांना तेव्हा सुचलं नाही. नंतर मात्र दुसरं काही सुचेना.

राहिला आतला आरसा. आता हे ऐका. नंदुरबारच्या ड्रायव्हरांचा जुना रिवाज आहे, मयत गाडीत असलं की आतला आरसा छताकडे फिरवायचा. आरशात मयत पाहिलं तर ते आपल्या मागे लागतं, म्हणतात. कुणी सुरू केला, देव जाणे. चाचा पाच वेळचे नमाजी, असल्या गोष्टींना हसणारे, अल्लाखेरीज कुणाला न भिणारे. पण पहिल्या मयताच्या वेळी स्टँडवरच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने हात पुढे करून आरसा फिरवला होता, तेव्हापासून तेही फिरवत आले. एकोणीस वेळा काही बिघडलं नव्हतं. विसाव्या वेळीही हात आपोआप वर गेला आणि आरसा छताकडे झाला.

तीन आरशांतला एक दोरीखाली, एक छताकडे. उरला उजवा. त्यात आपल्या बाजूचा रस्ता तेवढा दिसे.

प्रकाशाचा पूल गेला, शहादा गेलं, लोणखेडा गेलं. काळीबाई रडत होती. डोंगरातल्या बायका मयतावर रडतात ते नुसतं रडणं नसतं. त्यात नाव घेतात, आठवणी काढतात, एका लयीत चालतं ते. चाचांना शब्द कळत नव्हते, पण तीन तास तो आवाज मानेवर येत होता आणि त्यांचा जीव गुदमरून गेला होता. रायसिंग शेजारी बसून समोर बघत होता. चढ लागला, खड्डे लागले, गाडी आदळू लागली. पुढे पावसाळ्यात वाहून गेलेला रस्त्याचा एक तुकडा आला, तिथे चाचांनी दुसरा गिअर टाकून गाडी जोरात वर काढली. धडधड झाली. टपावरची खाट वाजली.

त्यानंतर केव्हातरी रडणं थांबलं.

थांबलं ते चाचांच्या लक्षात आलं. पुरतं लक्षात आलं. मनात म्हणाले, बरं झालं, बिचारीचा डोळा लागला. त्यांनी खांदे सैल सोडले, खिडकीबाहेर थुंकले आणि गाडी चालवत राहिले. सात किलोमीटर.

नवलसिंगच्या पाड्यावर माणसं जमलेली होती. ऊन अजून टेकडीच्या माथ्यावर होतं, वेळेत पोचलो म्हणून चाचांना हायसं वाटलं. ते उतरून मागे गेले. डिक्कीचं दार पुरतं वर उघडलेलं होतं. दोरी बंपरच्या पत्र्यावर घासून तुटली होती, तिचं टोक लोंबत होतं. नवलसिंग जागच्या जागी होता, बांधल्यासारखा, बांधलेलाच होता. त्याची पावलं धुळीने माखलेली. काळीबाई नव्हती.

क्षणभर त्यांना वाटलं, ती आधीच उतरली असेल. माणसाचं मन कुठे कुठे पळतं बघा.

म्हाताऱ्याला उतरवून गाडी उलटी वळवली, पुढे दोन मोटारसायकली. रायसिंग दारातून अर्धा बाहेर वाकून हाका मारत होता. ती पडली होती ती जागा नंतर सापडली, कारण ती तिथे नव्हतीच. सापडली ती पडल्या जागेच्या वरच्या अंगाला, पाड्याकडे दोन वळणं पुढे, रस्त्याच्या कठड्याच्या दगडाला पाठ टेकून बसलेली. तोंड पाड्याच्या दिशेला. मागे डांबरावर रक्ताचे थेंब होते, एक चप्पल होती, फुटलेल्या बांगड्या होत्या. पडल्यावर ती उठली होती. गाडीच्या मागे चालत आली होती, कधी उभी, कधी रांगत. हाका मारल्या असतील का? मारल्याच असतील. कोण ऐकणार होतं?

अंग अजून गरम होतं. चाचांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, चोळले, नाडी चाचपली, पुन्हा चोळले. रायसिंग म्हणाला, "सोडा, चाचा." मग चाचा रस्त्यातच बसले आणि रडायला लागले, आणि रडता रडता त्यांनी डोळे पुसले. तिच्या हातांतली मिरची त्यांच्या डोळ्यांत गेली. डोळे आगीसारखे पेटले. कुणीतरी पाणी आणलं, ते घेईनात. जळू दे, म्हणाले.

पोलीस आले, पंचनामा झाला, चाचांचा जबाब झाला. गाडी वेगात होती का? नव्हती. दारू प्यायला होतात का? तोबा. दोरी कशाने तुटली? घासून. बाई मागे का बसली? तिचीच इच्छा. आरशाचं कुणी विचारलं नाही आणि चाचांनी सांगितलं नाही. शवचिकित्सा करणारा डॉक्टर सहज बोलून गेला की पडल्यावर अर्धा तास तरी जीव असणार. रायसिंगने लिहून दिलं, आमची कुणावर तक्रार नाही.

आणि पाड्यावरच्या लोकांनी तर कहरच केला. त्यांनी चाचांना माफसुद्धा केलं नाही, कारण त्यांच्या लेखी माफ करण्यासारखं काही घडलंच नव्हतं. नवलसिंगने तिला मागे ठेवलं नाही, म्हणाले. चाळीस वर्षांची जोडी, त्याने हाक मारली, ती गेली. तिला दवाखान्यातून परत आणेपर्यंत नवलसिंगला थांबवलं आणि दोघांना एकाच दिवशी अग्नी दिला. बाराव्याला चाचा टोपी घालून गेले, आज रायसिंगला सगळं सांगायचंच म्हणून. तिथे त्यांना खाटेवर बसवलं, हातावर पाणी घातलं, आधी वाढलं. एक म्हातारा त्यांच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, भला माणूस, शेवटपर्यंत सोबत केलीस. बोलायला तोंड उघडलं की कुणी ना कुणी ताटात आणखी वाढी. तसेच परत आले.

मग गाडी चाळीस दिवस दारात उभी. नईमाचाची म्हणायच्या, "कुछ तो बोलो जी, अंदर ही अंदर घुल जाओगे." एका रात्री चाचांनी आरशाचं तेवढं त्यांना सांगितलं. सकाळी उठून ओढणीचा तो तुकडा घेत, तिन्ही आरसे पुसत आणि घरात येऊन बसत. एक दिवस चाचींनीच चावी हातात ठेवली. "लड़के को बता दो. और नहीं बता सकते तो गाड़ी बेच दो. ये रोज का मातम मुझसे नहीं देखा जाता." एवढं बोलून त्या स्वतःच रडल्या. चाचा गाडी घेऊन पुन्हा स्टँडवर जाऊ लागले, सांगणं मात्र राहिलंच.

मे महिन्यात रायसिंग आपण होऊन आला. पायात चप्पल होती, चेहरा थोडा भरलेला. बायको रंजना नंदुरबारला बाळंत झाली होती, मुलगी झालेली, तिला घरी न्यायचं होतं. स्टँडवर सात गाड्या उभ्या असताना तो थेट चाचांकडे आला. चाचा म्हणाले, दुसरी गाडी बघ बेटा. तो म्हणाला, "नाही. तुमचीच."

रंजना बाळाला घेऊन मधल्या सीटवर बसली. पुढची सीट रिकामी होती, पण रायसिंग पुढे बसला नाही. तो अगदी मागे गेला, डिक्कीकडच्या बाकावर, आणि दाराला हात लावून बसला. चाचांनी आतला आरसा जुळवला. आरशात रायसिंगचं तोंड दिसत होतं, बरोबर मधोमध. नंदुरबारपासून घाटापर्यंत ते तोंड त्या आरशात होतं आणि चाचांना दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

त्या कठड्याच्या दगडाशी आल्यावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली, उतरले, मागे जाऊन दार उघडलं. रायसिंग खाली उतरला. दोघे दगडाशी उभे राहिले.

"त्या दिवशी मीन आतला आरसा फिराई टाकेल व्हता," चाचा म्हणाले. "आमना रिवाज शे. मयत दखानं नही म्हणीसन. आरसा सरळ राहता, ते ती पडनी तवय माले दिसती. तुन्ही माय जित्ती राहती, बेटा. आणि तिनं रडनं थांबनं, ते बी मीन ऐकं. माले बरं वाटनं. बरं वाटनं माले!"

बोलून झालं आणि ते खाली बघत उभे राहिले. मार खायची तयारी होती. शिव्या खायची तर फारच होती. त्या मिळाल्या असत्या तर बरंच झालं असतं.

रायसिंग दगडावर बोट फिरवत होता. मग म्हणाला, "मला ठाऊक आहे, चाचा. मी शेजारीच होतो. आरसा फिरवताना पाहिलं मी."

चाचांनी मान वर केली.

"रडणं थांबलं ते मीपण ऐकलं. मलाही बरं वाटलं. म्हटलं, सुटलो एकदाचा त्या आवाजातून." त्याने दगडावरचा हात काढला. "आरसा तुम्ही फिरवला. पण माझी मान तर मोकळी होती ना. एकदा मागे वळून बघायचं होतं फक्त."

चाचांनी हात पुढे केला, रायसिंगने तो धरला नाही, पण झिडकारलाही नाही. गाडीतून रंजनाने विचारलं, काय झालं, का थांबलो? बाळ रडायला लागलं होतं. रायसिंग चढला आणि दार स्वतः आतून ओढून घेतलं. चाचांनी ते बाहेरून ओढून पाहिलं, एकदा, दोनदा, तीनदा.

"पुढे सांभाळून चला," रायसिंग आतून म्हणाला. "आणि वळणावर हाक मारत जा. मी ओ देईन."

चाचा येऊन स्टेअरिंगवर बसले. गाडी सुरू केली, पहिला गिअर, दुसरा गिअर. पहिलं वळण आलं. बाळाचं रडणं मधेच थांबलं.

"रायसिंग, शे ना रे?" त्यांनी हाक मारली.

ओ यायला जरा उशीर झाला. तेवढ्यात चाचांचा पाय ब्रेकवर गेलेला होता.